वायर पळते, वायफाय रांगतं!

घरचं नेट संथ झालं की पहिली शिवी बसते कंपनीला, आणि पाठोपाठ मोठ्या प्लॅनचा विचार सुरू होतो. सिडकोत माझ्या मावशीकडे हेच चाललं होतं. मावसबहिणीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू चार दिवसांवर आलेला, वरच्या खोलीत व्हिडिओ अडकतोय, आणि काका १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० करायला निघालेले. "इंजिनिअरिंगला आहेस ना, बघ जरा," म्हणत मावशीने मला कामाला लावलं.

अशा वेळी लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो केबलने थेट राउटरला जोडावा आणि स्पीड टेस्ट घ्यावी. आकडा आला ९४. म्हणजे लाइन ठणठणीत! राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे होते, त्यातून हाती एवढंच पडतं. म्हणजे २०० चा प्लॅन घेतला असता तरी ९४ च मिळाले असते, पैसे पाण्यात. तोच लॅपटॉप वरच्या खोलीत वायफायवर : ९.

थोडा फरक पडणारच. या केबलमध्ये जाण्याच्या आणि येण्याच्या तारा वेगळ्या असतात. हवा मात्र सगळ्यांत एकच. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, आधी कानोसा घ्यायचा, कोणी बोलत असेल तर थांबायचं, शिवाय पाठवलेल्याची पोच घ्यायची. त्यामुळे लिंक स्पीडच्या निम्मं-साठ टक्के मिळालं तरी चांगलं म्हणायचं. पण ९?

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये लायसन्समुक्त झाला. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. चॅनेल १ ते १३ दिसतात खरे, पण ते फक्त ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत आणि प्रत्येकाला जागा लागते २० ची. एकमेकांच्या अंगावर न जाणारे तीनच : १, ६ आणि ११. सिडकोत भिंतीला भिंत लागून घरं. मोबाइलवरच्या अॅनालायझरमध्ये शेजाऱ्यांची १७ नेटवर्क दिसली, बहुतेक ६ वर, आणि आमचा राउटर ८ वर! एकाच चॅनेलवरचे निदान आपापल्या पाळीची वाट बघतात. अर्धवट अंगावर आलेल्यांचं बोलणं समजतच नाही, नुसता गोंगाट होतो. चॅनेल ११ केला, आकडा २६ झाला.

मग राउटर हलवला. तो टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला चिकटून बसला होता. जिन्याच्या वळणावर उंच लावला आणि ५ गिगाहर्ट्झ चालू केलं. (नेटवर्कच्या नावातलं हे '५जी' म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे बरं का!) तिथे गर्दी कमी, चॅनेल रुंद. वरच्या खोलीत ७१. प्लॅन १०० चाच राहिला. इंटरव्ह्यूला मात्र मी जिन्यातून केबलच ओढून दिली, कारण व्हिडिओ कॉलला वेगापेक्षा सातत्य लागतं आणि वायफायमध्ये पाळी कधी येईल याचा नेम नसतो.

५ गिगाहर्ट्झची खोड एकच, भिंती त्याला सोसत नाहीत. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाडजूड भिंतींत ते एका खोलीतच संपतं. तिथे लोक रिपीटर आणतात. साधा रिपीटर तेच बोलणं त्याच हवेत दुसऱ्यांदा बोलतो, म्हणजे वेग साधारण अर्धा. त्यापेक्षा कॅट-५ई केबल ओढून पलीकडे दुसरा अॅक्सेस पॉइंट लावावा. ही केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, आणि एवढा लांब वाडा मी तरी अजून पाहिलेला नाही.