चतुराचे पाणी : संरक्षित क्षेत्रे आणि गोड्या पाण्यातील कीटक

सम्राट अशोकाचे लेख शिकविताना पाचव्या स्तंभलेखापाशी आम्ही थोडा वेळ थांबतो. राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी काढलेल्या या आज्ञेत अवध्य जीवांची यादी आहे. तीत पोपट, मैना व हंस यांच्याबरोबर वटवाघूळ, मुंगी आणि कासव यांनाही स्थान आहे. जीवजंतू असलेला भुसा जाळू नये, विनाकारण वने पेटवू नयेत, ठरावीक तिथींना हत्तींच्या वनात व कोळ्यांच्या राखीव पाण्यात कोणत्याही जीवाची हत्या करू नये, असे ती आज्ञा सांगते. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र असते, तेही पाण्यातील सूक्ष्म जीव वाचावेत म्हणून. आज ज्याला आपण ‘संरक्षित क्षेत्र’ म्हणतो, त्या कल्पनेचे बीज आपल्या परंपरेत इतके जुने आहे.

या दृष्टीने चतुराकडे पाहू. पावसाळ्याच्या अखेरीस माळावर थव्याने उडणारा चतुर आणि ओढ्याकाठच्या गवतावर पंख मिटून बसणारी टाचणी आपण सर्वांनी पाहिली आहे. परंतु त्यांचे बहुतेक आयुष्य हवेत जात नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू काही आठवडे, काही जातींत तर वर्षे, पाण्याच्या तळाशी राहते. तेथे ते डासांच्या अळ्या खाते आणि स्वतः माशांचे व बेडकांचे भक्ष्य होते. पाणी दूषित झाले, तळाची वाळू उपसली गेली किंवा काठाची झाडे तुटून सावली गेली, तर पुढची पिढी उडण्यापूर्वीच संपते. म्हणून ओढ्यावरचे चतुर हे पाण्याच्या आरोग्याचे साक्षीदार मानले जातात. जगातील ६,०१६ जातींच्या चतुर-टाचण्यांची पहिली जागतिक पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी सुमारे १६ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले.

आपल्या सह्याद्रीत कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान आहेत. ही दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या स्थळांचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला. ही क्षेत्रे आखताना डोळ्यांसमोर प्रामुख्याने मोठे प्राणी व वने होती. तरीही तेथील सावलीचे झरे आणि कातळावरची पावसाळी डबकी यांचा लाभ कीटकांना मिळतो. साताऱ्याजवळच्या ठोसेघर परिसरातून २०२१ साली टाचणीची एक नवी जात विज्ञानाला ज्ञात झाली आणि तिला ठोसेघरचेच नाव मिळाले. ज्याचे नावही अजून ठेवले गेले नाही असा जीव आपल्या ओढ्यात असू शकतो, हा त्यातला धडा.

मात्र दोन मर्यादा स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली अशी, की वाघाला सीमा आखून देता येते, पाण्याला देता येत नाही. वरच्या अंगाला शेतात फवारलेले कीटकनाशक किंवा वस्तीचे सांडपाणी अभयारण्याची पाटी पाहून थांबत नाही. म्हणून कीटक राखायचे तर उगमापासून संपूर्ण पाणलोट राखावा लागतो. दुसरी मर्यादा न्यायाची आहे. चांदोलीसाठी अनेक गावांना घरे सोडावी लागली आणि पुनर्वसनासाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. जीव वाचविण्याचा भार नेहमी दुबळ्याच माणसाने उचलावा, ही करुणा नव्हे. करुणेला समतेपासून वेगळे करता येत नाही.

यावर मार्ग कायद्यातच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असे ठरविले. वारसा स्थळ घोषित करण्याची तरतूदही त्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्कधारकांना व ग्रामसभेला पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार दिला. गावाने स्वतः राखलेला ओढा हेही संरक्षित क्षेत्रच होय, आणि त्यात कोणाला घर सोडावे लागत नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन बाबासाहेबांनी मानवी हक्काची घोषणा केली. ते पाणी सर्वांचे आहे, हे त्या दिवशी सिद्ध करावे लागले. जे सर्वांचे आहे, ते निर्मळ ठेवण्याची जबाबदारीही सर्वांची, हा त्याच सत्याग्रहाचा पुढचा पाठ आहे, असे आम्ही मानतो.

माजी विद्यार्थी आणि पालक यांना आमची विनंती एवढीच, की आपल्या गावच्या ओढ्यावर भाद्रपदात एकदा मुलांना घेऊन जावे. किती प्रकारचे चतुर दिसतात, काठावर झाडे आहेत का, वरून सांडपाणी कोठे मिसळते, याची नोंद वहीत करावी. दरवर्षी ती नोंद ताडून पाहावी आणि ग्रामसभेत वाचावी. अशोकाने आज्ञा दगडावर कोरली. आपल्याला ती वहीपासून आरंभता येईल.

भवतु सब्ब मंगलम्.