मोटारीची हजेरी : बिघाडाचे कोड कसे वाचावेत?



मोटारीची किल्ली फिरवली की समोरच्या पॅनेलवरचे दिवे क्षणभर लागतात आणि विझतात. ही जणू त्यांची हजेरीच. एखादा दिवा विझला नाही, तर मेकॅनिक स्कॅनर लावतो, त्यावर एक कोड येतो, आणि पुष्कळदा कोडमध्ये ज्या भागाचे नाव असेल तो भाग लगेच बदलला जातो. पैसे जातात, दिवा मात्र पुन्हा लागतो. असे का होते, ते आज पाहू.

१. दोन तारांवरचे संभाषण

आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांची वेगवेगळी कंट्रोल युनिट असतात. ती एकमेकांशी 'कॅन' नावाच्या पद्धतीने बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. तिच्यात एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात. संदेश नसताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट दाब असतो. संदेश जाताना एकीवर तो सुमारे ३.५ होतो, दुसरीवर १.५. युनिट फक्त या दोहोंतला फरक वाचते. बाहेरचा विद्युत् गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येतो, म्हणून फरक बदलत नाही आणि संदेश शुद्ध राहतो.

या जोडीच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध असतात. समांतर जोडणीचे सूत्र आठवा : एकूण रोध ६० ओहम.

२. कोडची भाषा

कोडचे पहिले अक्षर विभाग सांगते. पी म्हणजे इंजिन व गिअर, सी म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग व सस्पेन्शन, बी म्हणजे बॉडी, आणि यू म्हणजे युनिटांचा आपसातला संपर्क. सी००३५ हा कोड पुढच्या डाव्या चाकाच्या गती-सेन्सरच्या सर्किटचा. यू०१२१ म्हणजे एबीएस युनिटशी संपर्क तुटला.

जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊन गाडी घसरू नये, म्हणून एबीएस असते. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे.

३. एक उदाहरण

समजा, एका मोटारीत एबीएसचा दिवा लागला आणि स्पीडोमीटरही बंद पडला. (अनेक मोटारींत गतीची माहिती एबीएस युनिटच पुरवते.) स्कॅनरवर इंजिन, स्टिअरिंग आणि पॅनेल या तिघांनीही यू०१२१ नोंदवला आहे, आणि एबीएस युनिट स्कॅनरलाही उत्तर देत नाही. मग एबीएस युनिट बदलावे का?

थांबा. वर्गात हजेरी घेताना एका मुलाने 'हजर' म्हटले नाही, तर तो आजारी असेलच असे नाही. बाकीची मुले एवढेच सांगू शकतात, की त्याचा आवाज आला नाही. कोडही एवढेच सांगतो. म्हणून शोध या क्रमाने घ्यावा :

(अ) सगळे कोड आधी लिहून घ्यावेत. पुसायची घाई करू नये.
(आ) बॅटरीचा दाब मोजावा. दाब कमी असला तर खोटे कोड येतात.
(इ) एबीएसचा फ्यूज, त्याला येणारा वीजपुरवठा आणि अर्थची वायर तपासावी.
(ई) कनेक्टर उघडून पाणी, गंज किंवा वाकलेली पिन आहे का ते पाहावे.
(उ) बॅटरी सोडवून कॅनच्या दोन तारांमधला रोध मोजावा. कोणत्या जागी मोजायचा, ते त्या मोटारीच्या वायरिंगच्या नकाशात पाहावे.

आपल्या उदाहरणात अर्थच्या बोल्टखाली गंज सापडला. तो घासून काढला, बोल्ट घट्ट केला, कोड पुसले, गाडी चालवून पुन्हा स्कॅन केले. कोड आला नाही. नवे युनिट लागलेच नाही.

सी००३५ चेही असेच. 'सर्किट' या शब्दात सेन्सर, वायर आणि कनेक्टर तिन्ही येतात. गाडी सरळ रस्त्यावर सावकाश चालवत स्कॅनरवर चारही चाकांची गती पाहावी. तीन आकडे जवळपास सारखे आणि चौथा शून्य दिसला, तर त्या चाकापाशी शोध घ्यावा.

४. हे विसरू नका

फक्त एबीएसचा पिवळा दिवा लागला असेल, तर साधे ब्रेक बहुधा चालू असतात, पण जोरात दाबल्यावर चाके जाम होऊ शकतात. हँडब्रेक सोडलेला असूनही ब्रेकचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. ती कमी असेल किंवा पेडल खोल जात असेल, तर गाडी मुळीच चालवू नये. घरी मोठ्यांना हे जरूर सांगा. ब्रेकची दुरुस्ती मात्र जाणत्या मेकॅनिकनेच करावी.

कोड उत्तर देत नाही, तो प्रश्न विचारतो. उत्तर मोजमापाने शोधायचे असते.

स्वाध्याय

१) कॅनच्या तारांमध्ये ६० ऐवजी १२० ओहम रोध आला, तर काय झाले असावे?
२) रोध जवळपास शून्य आला, तर?
३) सर्व युनिटांनी एकाच युनिटची तक्रार केली, तर शोध कोठून सुरू कराल? कारण लिहा.