बेटावरील टाचण्या : एक अभ्यास

एखाद्या ठिकाणी कोणते जीव आढळतात, याची नोंद आपण करतो. कोणते आढळत नाहीत, तिकडे सहसा आपले लक्ष जात नाही. बेटांवरील गोड्या पाण्यातील कीटकांचा अभ्यास करताना मात्र ही दुसरी नोंदही तितकीच मोलाची ठरते.

प्रशांत महासागरातील हवाई बेटे ज्वालामुखीतून निर्माण झाली असून जवळच्या खंडापासून ती सुमारे 3,700 किलोमीटर दूर आहेत. खंडांवरील ओढ्यांत विपुल असणारे मेफ्लाय, स्टोनफ्लाय व कॅडिसफ्लाय हे तिन्ही गट तेथे मूळचे नाहीत. एवढा समुद्र ओलांडणे त्या नाजूक कीटकांना साधले नसावे. टाचणीचा एखादा पूर्वज मात्र पोहोचला आणि रिकाम्या जागा त्याच्या वंशजांनी व्यापल्या. मेगालॅग्रियन या प्रजातीच्या 23 जाती आज ज्ञात आहेत. त्यांतील एकही जगात अन्यत्र आढळत नाही.

टाचणीची पिल्ले पाण्यात वाढतात, असे आपण शिकतो. येथे काही जातींची पिल्ले ओढ्यात, काहींची पाझरणाऱ्या कड्यांवर, तर काहींची केवड्याच्या कुळातील वेलींच्या पानांच्या बेचक्यांत साचलेल्या पाण्यात वाढतात. ओआहू बेटावरील एका जातीची पिल्ले तर नेच्यांखालील ओलसर पालापाचोळ्यात राहतात. केवळ ओढ्यात जाळे टाकणाऱ्या अभ्यासकास ती कधीच दिसणार नाहीत.

या वैविध्यावर संकट आले ते सद्हेतूने. डासांचा नायनाट व्हावा म्हणून 1905 मध्ये तेथे डासअळ्या खाणारे गॅम्बुसिया मासे आणून सोडण्यात आले. त्यांनी टाचण्यांची पिल्लेही खाल्ली. उसाच्या शेतीसाठी ओढ्यांचे पाणी वळवले गेले, त्याचीही भर पडली. एकेकाळी होनोलुलूच्या बागांतून सहज दिसणारी नारिंगी-काळी टाचणी 2016 मध्ये संकटग्रस्त जातींच्या यादीत समाविष्ट करावी लागली. बेटावरची जात तेथून गेली, म्हणजे जगातूनच गेली.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या परिसरातील ओढ्याकाठीही पावसाळ्यात टाचण्या दिसतात. त्यांची नोंद करताना प्रवाह, पाझर, डबके व पालापाचोळा अशी प्रत्येक ओलसर जागा आपण स्वतंत्रपणे पाहावी. पाण्यात काही नवे सोडण्यापूर्वी तेथे आधीपासून कोण राहते, हे विचारण्याची सवय त्यातूनच लागेल.