आत्मविश्वास आणि ध्येय : मुलांना द्यायची शिदोरी



निकालाचे दिवस आले की अनेक घरांतले वातावरण जड होते. एका गुणपत्रिकेवरून मूल स्वतःची किंमत ठरवू लागते आणि नकळत आपणही तेच करतो. पण आत्मविश्वास गुणांवर उभा असेल, तर गुण घसरताच तोही घसरणार. मग तो कशावर उभा करावा? डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जीवनातील तीन प्रसंगांच्या आधारे आपण याचा विचार करूया.

१. ध्येय दाखवावे लागते

कलाम रामेश्वरमला पाचवीत असताना शिवसुब्रह्मण्य अय्यर या शिक्षकांनी फळ्यावर पक्ष्याचे चित्र काढून तो कसा उडतो हे शिकवले. मुलांना नीट समजले नाही. तेव्हा न रागावता ते वर्गाला समुद्रकिनारी घेऊन गेले आणि उडणारे पक्षी दाखवून तोच धडा पुन्हा समजावला. उड्डाणाशी आपले नाते त्या दिवशी जुळले, असे कलाम पुढे आयुष्यभर सांगत. गुरुजींनी मुलांना ‘मोठे व्हा’ असा उपदेश केला नव्हता. त्यांनी एक गोष्ट मनापासून दाखवली, एवढेच.

२. पद म्हणजे ध्येय नव्हे

तरुण कलामांना हवाई दलात वैमानिक व्हायचे होते. देहरादूनच्या निवडीत जागा आठ होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. खिन्न मनाने ते ऋषिकेशला गेले. तेथे स्वामी शिवानंदांनी त्यांना धीर दिला आणि हे अपयश मागे टाकून आपल्या जीवनाचा खरा हेतू शोधण्यास सांगितले. कलाम वैमानिक झाले नाहीत, पण उड्डाण त्यांच्यापासून सुटले नाही. ते अग्निबाण आणि उपग्रहांच्या कामात रमले. वैमानिक हे पद होते, उड्डाण हे ध्येय होते. पद न मिळाल्याने ध्येय संपत नाही. म्हणून मुलांना ‘तू कोण होणार?’ असे विचारण्याऐवजी ‘तुला काय करायला आवडते आणि ते कोणाच्या उपयोगी पडेल?’ असे विचारून पाहा.

३. अपयशात मागे उभे राहावे

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ या भारतीय प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण झाले. प्रकल्पाचे प्रमुख कलाम होते. यान बंगालच्या उपसागरात कोसळले. त्या दिवशी पत्रकारांसमोर गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि सहकाऱ्यांवर पूर्ण विश्वास व्यक्त केला. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला. या वेळी धवन यांनी पत्रकारांशी बोलायला कलामांना पुढे केले.

मुलाच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा याच्या उलट करतो. यश आले की ‘आमचा मुलगा’ म्हणून आपण पुढे होतो आणि अपयश आले की ‘तू अभ्यासच केला नाहीस’ म्हणून मागे सरतो. आत्मविश्वास आतून उगवतो हे खरे. पण त्याच्यावर आधी कोणीतरी विश्वास टाकलेला असतो.

हे घरी कसे आणावे?

मुलाला खरी जबाबदारी द्या. उदाहरणार्थ, महिनाभर दुधाचा हिशेब त्याच्याकडे सोपवा. बेरीज चुकली तर लगेच दुरुस्त करू नका. ‘फरक कुठे पडला, शोध बरे’ एवढेच म्हणा. वाणिज्य शाखेत शिकताना हे मी रोज अनुभवतो. तेरीज जुळली नाही म्हणून आम्ही वही फाडून टाकत नाही, कोणती नोंद चुकली ते शोधतो. चूक नोंदीत असते, माणसात नाही.

हीच दृष्टी स्वतःकडेही वळवूया. नोकरी, स्पर्धा परीक्षा, व्यवसाय यांत मागे पडल्यावर स्वतःला सतत दूषणे देणारे आई-वडील मुलाला धीर धरायला कसे शिकवणार? आपण अपयश कसे पेलतो हे मूल रोज पाहत असते, आणि आपल्या शब्दांपेक्षा ते अधिक लक्षात ठेवते.

या आठवड्याचा स्वाध्याय

• माझे ध्येय कोणते आणि मी ध्येय समजून धरून बसलेले पद कोणते? दोन ओळींत लिहा.
• घरातील एक काम मुलावर पूर्ण सोपवा आणि आठवडाभर त्यात हात घालू नका.
• त्याच्या हातून काही बिघडले, तर चारचौघांत त्याची बाजू घ्या. काय चुकले ते नंतर दोघे मिळून शांतपणे पाहा.
• रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा आणि आज आपण कोणावर विश्वास टाकला ते आठवा.