इसार देण्याआधी

मेदनकरवाडी, चाकण
गुरुवार, रात्र

चि. अमोल,

काल रात्री ताईचा फोन आला. "आमचा अमोल वाकीकडे दोन गुंठे घेतोय. पन्नास हजार इसारही देऊन बसलाय. माझ्या पाटल्या मोडू का गं?" असं तिनं विचारलं आणि माझी झोप उडाली. मागच्या रविवारी तू इथं जेवून गेलास. माझ्या खोल्यांचं भाडं किती येतं, ते खोदून खोदून विचारलंस. तेव्हा इसारपावती तुझ्या खिशातच होती ना? मला एका शब्दानं बोलला नाहीस, याचा राग आला आहे. तो आधी सांगून टाकते.

आता मला एवढंच सांग, सातबारा पाहिलास का? एजंटानं मोबाइलवर दाखवलेला नव्हे, तू स्वतः काढलेला, डिजिटल सहीचा. त्यावर नावं किती आहेत? ताई म्हणते, व्यवहाराला एकटा धाकटा भाऊच येतो. मग थोरला कुठं आहे? बहिणींनी हक्कसोड करून दिली आहे का? इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे का, कुळाचं नाव आहे का? फेरफार काढून वाचलेस का? सामाईक उताऱ्यावर सात नावं आणि सही एकाची, असं असेल तर उरलेले सहा जण आज गप्प बसतात आणि तू पाया खणलास की बांधावर येऊन उभे राहतात.

आणि खरेदीखत होत नाही म्हणून साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करू, असं ते म्हणत असतील तर तिथंच थांब. खरेदीखत का होत नाही, हे विचार. आपल्या जिल्ह्यात जिरायतीचा वीस गुंठ्यांच्या आतला आणि बागायतीचा दहा गुंठ्यांच्या आतला तुकडा सुटा विकायला तुकडेबंदी आड येते. अलीकडे कायद्यात सवलती आल्या आहेत, पण त्या या गटाला लागू आहेत का, हे तलाठ्याला आणि आपल्या वकिलाला विचारायचं. ज्याला दलाली मिळणार आहे त्याला नाही. बँक या जागेवर कर्ज देत नाही, म्हणून तू पर्सनल लोन काढतोयस. अरे, बँक का देत नाही, याचा तरी विचार कर.

मी हे पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमच्या आप्पांची निघोज्याची जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हा आम्हा दोघी बहिणींच्या वाट्याला काय आलं, ते तुला ठाऊक आहे. ताईनं पाटल्या केल्या. मला ते तेव्हा खुळेपणाचं वाटलं होतं. तू दहावीला होतास त्या वर्षी जो तो सांगत होता, खेडला विमानतळ होणार, आज घ्याल तर चौपट होईल. तुझे काका नको म्हणत होते. मीच त्यांच्या मागे लागले. माझ्या वाट्याच्या पैशांतून नोटरीच्या साठेखतावर दोन गुंठे घेतले. सातबाऱ्यावर नाव आज लागेल, उद्या लागेल, म्हणता म्हणता 2016 साली विमानतळ पुरंदरला होणार असं जाहीर झालं. मूळ मालकाच्या पुतण्यांनी सही दिली नाही ती नाहीच.

दर दिवाळीला काका पांढऱ्या रंगाचा छोटा डबा घेऊन तिथं जायचे आणि कोपऱ्यांचे चार दगड रंगवून यायचे. ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळून जेवणाच्या पिशवीत ठेवायचे. एका वर्षी परत आले ते गप्पच होते. रात्री म्हणाले, "दोनच दगड सापडले. बाकीचं नांगरलंय." तुझ्यामुळे झालं, असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. तो डबा अजून माळ्यावर आहे, आतला रंग दगडासारखा झालाय. टाकून द्यायला हात धजत नाही.

म्हणून पुन्हा विचारते, सातबारा पाहिलास का?

सहा खोल्या काढीन, भाड्यातून हप्ता जाईल, असा तुझा हिशोब आहे. पाच लाख बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलेस तर महिन्याचा हप्ता अकरा हजारांवर जातो. तो पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, खोल्या मात्र वर्षानं उभ्या राहतात. ग्रामपंचायतीची घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नसतं, पीएमआरडीएची परवानगी लागते. भाडेकरार नोंदवणं हे घरमालकाचं काम, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं हेही त्याचंच. उन्हाळ्यात टँकर, वर्षातून एकदा संडासाची टाकी उपसणं. तू दुसऱ्या पाळीत मशीनवर असताना पाण्याची मोटर जळली तर कोण बघणार? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या आठांपैकी पाच खोल्या रिकाम्या झाल्या. यवतमाळची, बिहारची पोरं पिशव्या घेऊन गेली. राहिलेल्या तिघांना पगार नव्हता, त्यांच्याकडे भाडं मागवेना. माझ्या डोक्यावर कर्ज नव्हतं, म्हणून निभावलं.

तू जागा घेऊच नकोस, असं मी म्हणत नाही. कंपनीच्या भरवशावर आयुष्य काढायचं नाही, असं तुला वाटतं, ते मला पटतं. घ्यायचं तर तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घे. फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघ, आणि करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर एक रुपयाही देऊ नकोस. महिन्याचा हप्ता एकट्या पगारातून झेपेल एवढाच ठेव. भाडं आलं तर वरकड समजायचं.

आणि पाटल्यांना हात लावू नकोस. आप्पांच्या शेतातलं आता तेवढंच उरलंय.

फार बोलले. काल तर तुला घरात पाय ठेवू देणार नाही, असंही ताईला म्हणाले होते. ते मनावर घेऊ नकोस. तिच्यावरही रागावू नकोस. तिनं चहाडी केली नाही, तिला भीती वाटली.

उद्या रजा काढता आली तर सकाळीच ये, आपण दोघं तलाठ्याकडे जाऊ. नाही जमलं तर शनिवारी बाजाराच्या दिवशी पहिली पाळी सुटली की ये. येताना इसारपावती आण, वकिलाला दाखवू. पन्नास हजार बुडाले तर बुडू देत. त्यांच्यापायी आणखी पाच लाख घालू नकोस. ते पन्नास हजार मी भाड्यातून थोडे थोडे करून भरून देईन, तुझ्या आईला कळायचं कारण नाही. खोल्यांची हिशोबाची वहीही काढून ठेवते. काकांच्या अक्षरातली आहे. वर्षभर तूच सांभाळ, मग ठरव.

माळ्यावरचा तो डबा तेवढा खाली काढून दे. मला आता शिडीवर चढवत नाही. टाकायचा की ठेवायचा, ते तू आल्यावर बघू.

तुझी,
मावशी