इंग्रजी वाक्यातील पार्टिसिपल आणि त्याचा कर्ता

इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासताना एक चूक आमच्या दृष्टीस वारंवार पडते. 'लामता स्थानकावर गाडीची वाट पाहताना पाऊस सुरू झाला' हे मराठी वाक्य कोणासही खटकत नाही. परंतु त्याचेच 'वेटिंग फॉर द ट्रेन ॲट लामता, द रेन बिगॅन' असे रूपांतर केले, की गाडीची वाट पाहणारा प्रवासी पाऊसच ठरतो!

असे का व्हावे? मराठीत 'ताना' प्रत्यय लागलेल्या रूपाचा कर्ता मुख्य क्रियापदाच्या कर्त्याहून निराळा असू शकतो. 'मी उतरताना गाडी हलली' असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र वाक्यारंभी येणाऱ्या पार्टिसिपलला स्वतःचा कर्ता दिलेला नसेल, तर मुख्य वाक्याचा कर्ताच त्याचा कर्ता मानला जातो. या बाबतीत आपले 'ऊन' हे रूप त्यास अधिक जवळचे होय. 'मी पोहोचून गाडी सुटली' असे कोणी म्हणत नाही. संस्कृतातील 'क्त्वा' प्रत्ययासही पाणिनीने हीच अट घातली आहे: दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा. म्हणून वरील वाक्य 'व्हाइल वुई वेअर वेटिंग फॉर द ट्रेन, द रेन बिगॅन' असे लिहावे.

ही केवळ गुणांची बाब नव्हे. अपघाताच्या अर्जात 'रनिंग अक्रॉस द रोड, द कार्ट स्ट्रक द बॉय' असे लिहिले, तर धावत कोण होते, मुलगा की गाडी? दोष कोणाचा, हे त्या एका शब्दावर ठरू शकते.

आणखी एक सूचना. 'घरी जाऊन, जेवून, पुस्तक घेऊन तो शाळेत आला' यातील प्रत्येक 'ऊन'साठी 'हॅविंग' योजू नये; वाक्य जड होते. 'ही वेंट होम, हॅड हिज मील अँड केम टु स्कूल विथ हिज बुक' हेच सरळ इंग्रजी होय. आधीची क्रिया पुरी झाल्यावाचून पुढची घडणे शक्य नव्हते, असे जेथे दाखवावयाचे असेल तेथे 'हॅविंग' शोभते: 'हॅविंग मिस्ड द ट्रेन, वुई वॉक्ड होम.'

तेव्हा पार्टिसिपलपुढे स्वल्पविराम दिला, की क्षणभर थांबून 'कोण?' असा प्रश्न विचारावा. पुढचाच शब्द त्याचे खरे उत्तर देत असेल, तर वाक्य निःशंकपणे पुरे करावे. नसेल, तर ते पुन्हा रचावे.