सूर्य पाठीशी ठेव

लोणारला एकटी गाडी घेऊन जाते म्हणालीस, तेव्हा तुझी आजी गप्प झाली आणि मी खूश झालो. तीस वर्षं लाल गाडीचं चाक धरलं. माणसं लोणारला उतरवायची, स्टँडवर चहा घ्यायचा आणि परत फिरायचं, एवढंच माझं लोणार होतं. काठावर जाऊन खाली बघितलं ते रिटायर झाल्यावर. म्हणून जे सांगतो ते ड्रायव्हरचं आहे, गाइडचं नाही.

पहिली गोष्ट उन्हाची. माहूरपासून लोणार जवळजवळ नाकासमोर पश्चिमेला. सकाळी निघालीस तर सूर्य पाठीशी, दुपारी तीनला परत फिरलीस तरी सूर्य पाठीशीच. उलटं करशील तर जाताना-येताना काचेवर ऊन घेत बसशील, आणि डोळे मिचकावणाऱ्या ड्रायव्हरला खड्डा दिसत नाही, म्हैसही दिसत नाही. म्हणून पहाटे पाचला निघ. होळीनंतरचे हे दिवस बरे, पळस अजून पेटलेला असतो, सागाची पानं गळून रान उघडं पडलेलं असतं आणि वळणापलीकडचं दिसतं.

माहूरच्या देवीचं दर्शन आदल्या संध्याकाळी उरकून घे. गडावरून उतरताना दुसऱ्या गिअरवर उतर, गाडी इंजिनानं रोखायची, ब्रेकनं नाही. मी नवा होतो तेव्हा दत्तशिखराचा उतार ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलो. खाली येईपर्यंत लायनर जळाल्याचा वास, आणि मागे वर्‍हाडाची माणसं. गाडी तासभर उभी केली. लोक म्हणाले, देवीनं वाचवलं. वाचवलं असेल, पण दुसरा गिअर मी त्या दिवसापासून विसरलो नाही.

पैनगंगेचा पूल ओलांडला की नांदेड जिल्हा सरला, यवतमाळ लागला. धनोडा, गुंज, मग पुसद. तिथे टाकी भर. हवा गार टायरची मोजायची, धावलेल्या टायरची नाही, म्हणून ती निघायच्या आधी माहूरलाच तपासून घे. ह्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे लाल दिवा नसतो. अंधारात पुढे काहीतरी काळं हलतंय असं वाटलं तर ते हलतंयच असं समज. आणि रस्त्यावर हरभरा किंवा तूर पसरलेली दिसली तर त्यावरून गाडी घालू नको, दोन मिनिटं थांबून बाजूनं जा. वाळलेल्या काड्या गाडीखाली अडकतात, सायलेन्सर तापलेला असतो, आणि पेट घ्यायला वेळ लागत नाही. शेतकऱ्याचं नुकसान ते वेगळंच.

पुढे वाशीम, रिसोड, लोणार. सगळं मिळून पावणेदोनशेच्या आसपास पडतं. मोबाइल तुला मेहकरच्या बाजूनं वळवून नेऊ पाहील, मी रिसोडवरून जातो. वाशीमला भाजी-पोळी बांधून घे किंवा घरूनच भाकरी ने, पण पाणी मात्र गाडीत दहा लिटर पाहिजे. पाच तुझं, पाच गाडीचं.

आता खरं सांगायचं ते. रस्त्यावरून सरोवर दिसत नाही. सपाट रान, कापसाच्या पळकाट्या, आणि मग जमीन जरा उचलल्यासारखी होते. तो उंचवटा म्हणजे फुटून बाहेर फेकल्या गेलेल्या दगडांचा कडा. त्याच्यावर चढलीस की पायाखालची जमीनच संपते. दोन किलोमीटरला थोडी कमी रुंदी, खोली सव्वाशे मीटरच्या वर, तळाशी हिरवट पाणी. आकाशातून दगड पडून झालेला खड्डा, तोही आपल्या ह्याच काळ्या पत्थरात, बेसाल्टमध्ये. असले जगात फार थोडे, म्हणून चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथे येतात. वय विचारशील तर आधी बावन्न हजार वर्षं म्हणायचे, नंतरच्या मोजणीत पाच लाख सत्तर हजार निघालं. मला फरक पडला नाही. खड्डा दोन्ही हिशोबात माझ्यापेक्षा जुना.

गाडी काठावर तोंड बाहेर करून लाव, म्हणजे निघताना वळवावी लागत नाही. लगेच खाली उतरू नको. पूर्वेच्या काठावर नुसती बस. ऊन मागून येतं आणि पलीकडची भिंत थर-थर दिसायला लागते, वरून खाली. हे दहाच्या आत. त्यानंतर सगळं पांढरट होतं.

मग गोमुखाच्या बाजूनं उतर. तिथे धार पडते, गोड पाण्याची, बारमाही. खाली सरोवराच्या कडेला गेलीस की चिखल पांढऱ्या खारानं माखलेला असतो. त्यात चप्पल रुतली की चप्पल राहते आणि पाय निघतो. माझी एक तिथेच आहे. बूट घाल. पाण्यात बोट बुडवून दोन बोटं एकमेकांवर घास, बुळबुळीत लागतं, आजीच्या धुण्याच्या सोड्यासारखं. वर गोड धार आणि खाली हे, मध्ये फक्त उतार. पूर्वी हा खार काढायचे, दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याला नावं होती. आता ते अभयारण्य आहे, चिमूटभरही उचलायचं नाही, दगडही नाही. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आपल्याकडे लोकांनी अर्थ लावायला सुरुवात केली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं, खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव आहेत. त्याच वर्षी सरोवर रामसरच्या यादीत गेलं. हल्ली पाणी वाढून कमळजादेवीच्या देवळापर्यंत येतं, तेव्हा तिकडे जायच्या आधी वनखात्याच्या माणसाला विचार.

वर येताना तुला दम लागेल. मला लागला होता, मी माकडं बघत बसलो असं सगळ्यांना सांगितलं. माकडं खरी आहेत, हातातली पिशवी पाठीवर टाकून चढ.

दुपारी गावातलं दैत्यसूदन मंदिर बघ. उन्हात मंदिराच्या आत थंड वाटतं आणि बाहेरचं कोरीवकाम तासाभरात संपत नाही. तीनला मात्र चाकावर ये.

झोप येईल ती वाशीमच्या पुढे. माहूरचा तांबूल डबीत ठेवलाय, देवीचा, खलबत्त्यात कुटलेला. एक गोळी गालात धर, जीभ रंगेपर्यंत डोळा लागत नाही. तरीही लागला तर गाडी कडेला घे, वीस मिनिटं झोप. माझ्या बरोबरीचे दोघं त्या वीस मिनिटांच्या घाईनं गेले.

पुलावर आलीस की फोन कर. आजी तवा तेव्हाच ठेवते.